बावीस अंडी, कोळशाच्या फुल्या

१९ ऑक्टोबर, रविवार
बीपी १५०/९५. गोळी घेतली.
डायरी बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली, जानेवारीपासून कोरी. लातूरच्या डॉक्टरनं रोज बीपी लिहा म्हणून सांगितलं, म्हणून उघडली. नायतर लिहायला काय आहे? वय एकोणचाळीस, नर्सरी रेणापूरच्या अलीकडं, लग्न नाही. झालं.
पण आज एक आहे. काशीमावशी पिशव्यांत माती भरता भरता ओरडल्या, "आवं भाऊ, हे बघा काय हाय! थुकलं तर अंगावर कोड उठतंय!" आणि धोंडा उचलला. मी हात धरला. करंजाच्या खालच्या फांदीवर सरडा. साधा नाही. वीतभर अंग, तेवढीच शेपूट, रंग कोवळ्या पानाचा. डोक्यावर टोप घातल्यासारखा उंचवटा. डोळे बाहेर आलेले, मधे बारीक टिंब, आणि दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात! एक माझ्याकडं, एक मावशीच्या धोंड्याकडं.
मावशी म्हणे मारा. म्हटलं राहू द्या, माझं काय खाऊन राहिलाय तो.

२३ ऑक्टोबर
१४६/९०. भाऊबीज. बहीण नाही, त्यामुळं आजच्या दिवशी कुठं जायचं हा प्रश्नच नाही. आई नांदेडला दादाकडं. दिवाळीला दोन दिवस गेलो होतो, वहिनीच्या माहेरची माणसं भरलेली. "काय बालाजीराव, यंदा तरी?" प्रत्येक जण तेच. परत आलो.
काशीमावशी सुट्टीवर. दिवसभर सरड्याशेजारी खुर्ची टाकून बसलो, खोटं कशाला बोलू.
चालणं लई मजेचं. एक पाय उचलतो, हवेत धरतो, पुढं-मागं डुलतो, मग टेकवतो. वाऱ्यानं पान हललं वाटावं म्हणून असेल. बोटं चिमट्यासारखी, दोन एकीकडं, तीन एकीकडं. नाकतोड्यावर जीभ टाकली ती दिसलीच नाही, नाकतोडा गायब झालेला तेवढा दिसला. जीभ त्याच्या अंगाएवढी असणार. पाणी भांड्यातलं पीत नाही. फवारा मारला की पानावरचे थेंब चाटतो.
संध्याकाळी फांदीच्या अगदी टोकाला जाऊन शेपटीची गुंडाळी करतो आणि फिका पडतो, जवळजवळ पांढरा. अंधार पडायच्या आत झोपला. माझ्यापेक्षा बरं आहे त्याचं.

२ नोव्हेंबर, रविवार
बीपी घ्यायचं राहिलं.
तो नाही, ती आहे! पोट दोन दिवस फुगलेलं दिसत होतं, मला वाटलं माझ्याच अळ्या खाऊन माजलं. आज नऊच्या सुमाराला खाली उतरली. जमिनीवर मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. अंगावर पिवळे ठिपके, बाकी काळपट. करंजापासून चार हातांवर, जिथं मी जुनी पोयट्याची माती टाकली होती, तिथं उकरायला लागली. पुढच्या पायांनी उकरायचं, मागच्यांनी लोटायचं. दुपारी नुसती शेपूट बाहेर होती. जेवायला उठलो नाही. तीन वाजता वळून तोंड बाहेर काढलं आणि तशीच थांबली, डोळे मिटून. अंडी घालत होती.
पाच-साडेपाचला वर आली. अंग निम्मं झालेलं. माती परत लोटली, पायांनी दाबून दाबून बसवली. मी रोप लावल्यावर दाबतो तशीच, पण माझ्यापेक्षा जास्त वेळ. वरून बघणाऱ्याला कळणार नाही काही होतं म्हणून.
मग झाडाकडं गेली. वाटेत तीनदा थांबली. मी उचलून ठेवायला गेलो तर फुगली, काळी पडली, फुस्स केलं. बरं बाई, जा तुझी तू.
काशीमावशी उद्या विचारतील काय केलं रविवारी. काय सांगू?

९ नोव्हेंबर, रविवार
पाहुणे. निलंग्याहून. मावसभावानं जुळवून आणलेलं. मुलीचा भाऊ आणि मामा घर-शेती बघायला येणार एवढंच ठरलं होतं, गाडीतून मुलगीही उतरली. मुलगी म्हणजे छत्तीस वर्षांची, सरिता, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पहिलं लग्न मोडलेलं. माझ्या अंगावर चिखलाची बनियन होती. बोंबला.
भाऊ विचारतो पाणी किती, बोअर किती फूट, रस्त्याचं काय. मी उत्तरं देतो. ती करंजाखाली उभी. म्हणाली, "अहो, हा सरडगुहिरा आहे! शॅमेलिऑन! तुम्हाला माहितीय?"
म्हटलं, "हाव. अंडी घातली तिनं. मागच्या रविवारी."
"तुम्ही बघितलं?"
"दिवसभर बघून राहिलो होतो."
तिचा मामा हसला. ती नाही हसली. कुठं घातली विचारलं, जागा दाखवली. वाकून बघितली, हात लावला नाही. म्हणाली पाऊस पडेपर्यंत लागेल, सात-आठ महिने. मी म्हटलं एवढे? म्हशीला पण एवढेच लागत नाहीत, दहा लागतात, म्हणजे... काय बोलून राहिलो होतो देव जाणे.
जाताना भाऊ म्हणाला, "कळवतो." या 'कळवतो'चा अर्थ मला चांगला माहीत आहे.

१२ नोव्हेंबर
१४२/९०. तिचाच फोन! गेटवरच्या बोर्डावरून नंबर घेतलेला. "त्या सरड्याचं काय चाललंय?" अकरा मिनिटं बोललो. सरड्यावरच. लग्नाचं ती बोलली नाही, मी पण नाही.
डायरीत तिला स. लिहीन.

२१ नोव्हेंबर
करंजाखाली सापडली. वाळून काळी पडलेली, मुंग्या लागलेल्या. अंडी घातल्यापासून नीट खातच नव्हती. आळूच्या पानात गुंडाळून कुंपणाशी पुरली. मावशी बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाळंतपणात गेली म्हणायची."
स.ला फोन केला. ती म्हणाली पुष्कळदा असंच होतं, मादी थकून मरते. पिल्लं निघतात तेव्हा आई नसते, बापाचा तर पत्ताच नसतो. निघाली की सरळ झाडावर, शिकवणारं कुणी नाही.
म्हटलं मग मी आहे ना.
हसली. मला ते हसणं दिवसभर पुरलं.

१४ जानेवारी
संक्रांत. १४०/८८. आईचा फोन, "बालू, तिळगूळ घे, गोड बोल. त्या निलंग्याच्या पोरीशी तरी बोल की रे!" म्हटलं बोलून राहिलोय. आई दादाला हाका मारत सुटली.
आठवड्यातून दोन फोन होतात. विषय अंडीच. जागेवर चार काटक्या रोवल्यात, मावशी तिथून वळसा घालून जातात. वर दिसत काहीच नाही. दिसत काही नसताना सांगायला कसं सुचतं कोण जाणे, पण सुचतं.

१ फेब्रुवारी, रविवार
नवीन पाइपलाइन. नाली खोदायला जेसीबीवाला उद्या येणार. त्यानं मारलेली खुंटी नेमकी काटक्यांच्या मधोमध. मावशी म्हणाल्या, "लाइन दोन हात सरकवा की, भाऊ." सरकवता आली असती. पण माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं. मी म्हटलं, मावशी, वीस वर्षं झाली उगवण करून घेऊन राहिलो. मिरची, वांगं, पपई, ज्याचं बी दुसऱ्याकडं कुजतं ते माझ्याकडं फुटतं. ही अंडी मला जड आहेत का?
हातानं उकरलं. हातभर खाली. पांढरी, लांबट, करंगळीच्या पेराएवढी, कवच चामड्यासारखं मऊ. मोजली, बावीस. मिरचीच्या रोपांचा खळग्याखळग्यांचा ट्रे घेतला, कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुगा, ओलं करून पिळून भरलं, एका खळग्यात एक अंडं. वरून भुगा. ट्रे शेडनेटमध्ये सावलीला.
आई कोंबड्या बसवायची तेव्हा अंड्यांवर कोळशानं फुली मारायची आणि फिरवायची. खुडूक कोंबडी पण पायानं फिरवते, नायतर आतलं चिकटतं म्हणायची. मी पण प्रत्येकावर कोळशानं बारीक फुली काढली. रोज सकाळी बीपी घेतल्यावर फिरवायची. आज फुली खाली, उद्या वर, परवा खाली.

३ फेब्रुवारी
जेसीबीवाला काल आलाच नाही. आज आला आणि म्हणाला, तिकडं मुरूम कडक आहे, कुंपणाकडून घेऊ. घेतली पण. काटक्या जागच्या जागी. मावशींनी पदर तोंडाला लावला.

२४ फेब्रुवारी
१३६/८६. इतकं कमी कधी आलं नव्हतं.
स.ला ट्रेचा फोटो पाठवला. आजवर फोनवर सांगितलं नव्हतं, चकित करायचं होतं. लगेच फोन. "तुम्ही अंडी बाहेर काढली?" आवाज चढलेला. पाइपलाइनचं सांगितलं. मग म्हणाली, "थांबा, या फुल्या कशाच्या?"
म्हटलं, "कोळशाच्या. वरची बाजू कळावी म्हणून."
"अहो! हे तुम्हाला कुणी सांगितलं? अगदी बरोबर केलंत. सरड्याच्या अंड्यात पिल्लू वरच्या अंगाला चिकटून वाढतं. कोंबडीसारखं नाही. फिरवलं की गुदमरून मरतं. लोकांना माहीत नसतं हे. तुम्ही खूण करून तशीच्या तशी ठेवलीत. एवढी काळजी कोण घेतं हो?"
मी ट्रेसमोर उभा होतो. फुल्या आज वर होत्या, म्हणून फोटोत दिसल्या.
"हाव," म्हटलं मी.
फक्त हाव. तेवढंच बोललो. तेवीस दिवस फिरवली आहेत मी. तेवीस वेळा.

२५ फेब्रुवारी
१५८/१००. फिरवली नाहीत. पण आता फुली वर ठेवू का खाली? पहिल्या दिवशी खाली होती, पण आता आणखी एकदा फिरवायचा धीर नाही, वरच राहू दे. मेली असतील तर काय फरक पडतो. नसतील तर. कवच टवटवीत दिसतंय. आतलं काय कळणार?
तिला सांगावं. संध्याकाळी सांगतो.

२६ फेब्रुवारी
सांगितलं नाही. ती आज वर्गात माझं उदाहरण दिलं म्हणाली. नर्सरीवाल्या एका माणसाचं.

१९ मार्च
पाडवा. गुढी उभारली एकट्यानंच, कडुलिंब माझाच, साखरगाठी मावशींनी आणून दिली.
स.चा फोन लांबला. पहिल्या लग्नाचं पहिल्यांदाच बोलली. नवऱ्याची नोकरी गेली होती, वर्षभर रोज डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी यायचा. रोज ऑफिसच्या गोष्टी सांगायचा. तिला भाजीवाल्याकडून कळलं.
"नोकरी गेल्याचं काही नाही हो," म्हणाली. "मी कमावत होतेच. पण ते वर्षभराचं जे सांगणं... मला आता माणूस कसाही चालेल. काळा, गरीब, म्हातारा. खोटं नाही चालणार."
मी काय बोललो? म्हटलं, बरोबर आहे तुमचं.
लाज वाटते लिहायला. पण इथं तरी लिहितो.

१२ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. ट्रे माठाशेजारी आणून ठेवला, खाली ओलं पोतं. बावीसपैकी सातांना खळी पडली, पिवळट झालीत. दोनांवर बुरशी, ती बाजूला काढली. बाकीची तेरा फुगलेली, आधीपेक्षा मोठी. म्हणजे जिवंत? का नुसतं पाणी पिऊन फुगली?
तिला सांगितलं दोन गेली. ती म्हणाली, "चालायचंच, निसर्गात पण जातात. तुमची काही चूक नाही."
फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

२४ मे
धोंड्याचा महिना लागला. दादा-वहिनी सासरवाडीला गेले, जावयाला चांदीचं निरांजन, अनारसे, कपडे. आई एकटीच म्हणून नांदेडला जाऊन आलो. आई म्हणाली, "पुढच्या धोंड्याला तू पण जाशील बघ." तिच्या डोळ्याला पाणी. निलंग्याहून निरोप आलाय, महिना संपला की पंधरा जूननंतर येऊन बोलणी करू. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. बीपी तिथं घेतलंच नाही.
एसटीत लोह्यापासून अहमदपूरपर्यंत एकच विचार. होकार आला. आलाय तो कुणाला? फुल्या मारून अंडी सांभाळणाऱ्या माणसाला. तो मी नाही.
स. म्हणाली पिल्लं निघताना मला बघायचंय, बोलणीच्याच दिवशी बघू. तिच्या आवाजातली खुशी लपत नव्हती.

७ जून, रविवार
१६२/१०२.
तेरातली चार आणखी बसली. राहिली नऊ. बसलेल्यांतलं एक आज ब्लेडनं उघडलं. उघडायला नको होतं.
आत पूर्ण सरडा होता. करंगळीच्या नखाएवढा गुंडाळलेला, शेपटीची गुंडाळी पण झालेली. डोळ्यांचे उंचवटे. पायाला ती दोन आणि तीन बोटं. सगळं तयार, फक्त मेलेला. कधी मेला ते मला काय कळणार? उन्हानं मेला असेल. बुरशीनं असेल. मला आता कुणी काही सांगितलं तरी मी तेवीस सकाळी मोजणार.
मावशींना दाखवलं. त्या खाली बसल्या. "लाइन सरकवली असती तर, भाऊ," म्हणाल्या. पहिल्यांदाच म्हणाल्या, चार महिन्यांनी. मग, "तिला सांगितलं का?" मी मावशींना कधी काही बोललो नव्हतो. पण रोज सकाळी फिरवताना त्यांनी बघितलंच होतं की.
"सांगा," म्हणाल्या. "लगीन झाल्यावर सांगाल तर लई वंगाळ."

८ जून
सांगितलं. दुपारी, तिची सुट्टी असते म्हणून.
"फुल्या फिरवायसाठी मारल्या होत्या. आई कोंबड्यांना मारायची तशा. मला माहीत नव्हतं."
"किती दिवस?"
"तेवीस."
"आणि मी फोटो बघून बोलले त्या दिवशी तुम्हाला कळलं?"
"हाव."
"म्हणजे माहीत नव्हतं त्याचं काही नाही. पण साडेतीन महिने मी तुमचं कौतुक करत होते आणि तुम्ही ऐकून घेत होतात."
म्हटलं, "तुमचा फोन बंद होईल वाटलं. दुसरा कुणाचा येत नाही."
तिच्या मागं पंख्याचा आवाज येत होता. मग, "ठेवते," म्हणाली.

१६ जून
महिना संपला. निलंग्याहून कुणी आलं नाही. दादाचा फोन: "काय बोललास तू तिला? तिचा भाऊ म्हणतो ताई विचार करून राहिली. सरड्यावरनं कुणी लग्न घालवतं का रे?" म्हटलं सरड्यावरनं नाही. "मग कशावरनं?" दादा वैतागला, ठेवून दिला.
अंडी सात.

२० जून
पाऊस झाला, बरा झाला. गिऱ्हाईक तुटून पडलंय, मिरची-टोमॅटोची रोपं संपत आली. दिवसभर माणसांत असतो. "भाऊ, ही कोणती जात?" "भाऊ, किती दिवसांत फळ?" उत्तरं देतो. संध्याकाळी गेट लावलं की आवाज संपतो. मग ट्रे.
माझ्याकडं सांगायला एवढं साचलंय आणि नंबर एकच पाठ आहे.

२८ जून, रविवार
सकाळी सात अंड्यांतल्या एकावर थेंब. घाम सुटावा तसे. मागं ती म्हणाली होती, फुटायच्या आधी असं होतं. खुर्ची टाकून बसलो. काशीमावशी त्यांच्या पेरणीला गेलेल्या, आज नाहीत.
दहाच्या सुमाराला कवचाला चीर गेली, मग दुसरी. नाक आलं. तसंच तासभर थांबलं. मी दोनदा हात पुढं केला, दोनदा मागं घेतला. आता हात लावणार नाही. काय व्हायचं ते होवो.
पावणेबाराला बाहेर आलं. तपकिरी, काडेपेटीतल्या काडीएवढं. एक डोळा उघडला, तो माझ्याकडं. मग दुसरा, तो भलतीकडंच. पाय उचलला, हवेत धरला, डुललं, टेकवला. कुणी शिकवलं नाही.
ट्रे करंजाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. पिल्लू खळग्यातून कडेवर, कडेवरून सालीवर, आणि वर. पहिल्या बेचक्याच्या वर गेल्यावर मला दिसेनासं झालं.
बाकीची सहा तशीच. थेंब नाहीत. जिवंत असतील, नसतील.
फोन घेतला. लिहिलं, "एक निघालं. सहाचं माहीत नाही. पंधरा माझ्या हातानं गेली असं मी धरून चाललोय. या." मग 'या' खोडलं. मग परत लिहिलं आणि पाठवलं.
आता सव्वाचार झालेत. एकच टिक आहे. रविवारी ती फोन बंद ठेवत नाही. निलंग्याकडं पाऊस असेल, रेंज गेली असेल.
नाहीतर तिनं नंबर बंद केला असेल. जेवलो नाही अजून. ट्रेपाशीच बसलोय.